करंजाड्यातली गार लादी

२ फेब्रुवारी

आलो बाई एकदाचे! सामानाचा टेम्पो पुण्याहून निघाला तो बोरघाटात तापून बसला, पण दिवेलागणीच्या आत करंजाड्याला पोचला आणि एक कपही फुटला नाही. तळमजल्यावरचा फ्लॅट आहे, कंपनीने दिलेला. मागे हातभर अंगण आणि त्याला लागून सोसायटीची बाग. जाईने आल्या आल्या चपला भिरकावल्या आणि घरभर अनवाणी धावत सुटली. सात वर्षांची झाली तरी या पोरीच्या पायात चप्पल टिकेल तर शपथ. माझा निम्मा जन्म 'जाई, चप्पल घाल' म्हणण्यात जाणार. तिचे बाबा मस्कतला बसून फोनवर गोड बोलतात, ओरडायचं खातं माझ्या एकटीकडे.

मी जिच्यासाठी आले ती गोष्ट या बागेखालीच आहे. शेजारची बिनखिडक्यांची इमारत म्हणजे डेटा सेंटर. आत हजारो कॉम्प्युटर रात्रंदिवस तापत असतात. त्यांची उष्णता पाण्यात घ्यायची, ते पाणी बागेतल्या खोल खोल बोअरमध्ये सोडलेल्या पाईपांतून फिरवायचं, उष्णता खालच्या कातळाला द्यायची आणि पाणी गार होऊन वर यायचं. पावसाळ्यात तीच उष्णता परत काढून सोसायटीला गरम पाणी. माझं काम म्हणजे जमिनीच्या पोटात काय चाललंय त्याचं मॉडेल कॉम्प्युटरवर चालवणं. आज इतकी उष्णता घातली तर जूनमध्ये किती हाती लागेल, ते आधी सांगायचं. मला हे काम मनापासून आवडतं.

आई चिपळूणहून चार दिवस मदतीला आलीय. तिने आज भाताची पेज गाळली आणि ते कढत पाणी ओतायला अंगणात गेली. आधी तांब्याभर गार पाणी भुईवर शिंपडलं, 'बाजूला व्हा रे' म्हणाली, मग कढत ओतलं. मातीत किडामुंगी असते, आणखीही कोण कोण असतं, त्यांना न सांगता भाजायचं नाही, असं आमच्याकडे. सवयीने मीही म्हणते. माझं काम तिला समजावलं तर म्हणाली, 'म्हणजे तुम्ही रोज ऊन पाणी भुईत सोडता. आधी सांगितलंत का?' मी पोट धरून हसले. जाई संध्याकाळभर प्रत्येक भांड्याला 'बाजूला व्हा रे' म्हणत फिरत होती.

११ फेब्रुवारी

महाप्याचं ऑफिस काचेचं, चकचकीत. एसी असा की शाल घेऊन बसावं लागतं. आमचे प्रमुख रावसाहेब. हे त्यांचं पाळण्यातलं नाव, आणि आईबापांनी ठेवलेल्या नावाला ते पुरेपूर जागलेत. माणूस सांगलीकडचा, बोलायला गुळासारखा. पहिल्याच दिवशी म्हणाले, 'मॅडम, हे आपलं घरचंच काम की.' जो ऑफिसच्या कामाला घरचं म्हणतो त्याच्यापासून मी जपून असते.

संघमित्रा मात्र लगेच आवडली. नांदेडची आहे, आता तळोज्याला राहते. बोअरमध्ये तपमान मोजणाऱ्या तारा सोडणं आणि त्यांची नोंद आणणं हे तिचं काम. तिच्या मोजणीवर माझं मॉडेल ताडून बघायचं. दोघींनी एका डब्यात जेवायला सुरुवातही केली.

बागेत बोअरची लोखंडी झाकणं आहेत, त्यांवर सोसायटीची सगळी मांजरं पसरलेली असतात. उबेला सोकावलीत. वॉचमन शिवराम त्यांना हाकलत नाही. ही जमीन पूर्वी त्याच्या बापाची भातशेती होती. तो म्हणतो, 'म्याडम, बसूंद्या. त्यांचा पन हक्क हाय.'

२४ फेब्रुवारी

काहीतरी चुकतंय आणि ते माझं नाही.

आपल्याकडे खालचा कातळ एरवी अठ्ठावीस अंशांच्या आसपास असतो. ऑक्टोबरपासून गरम पाणी फिरतंय, म्हणजे तो आता चाळिशीला टेकायला हवा. संघमित्राच्या तारा सांगतात, एकतीस. मॉडेल मी पुन्हा पहिल्यापासून बांधलं. पुन्हा चाळीस. उष्णता आत जातेय, ती मोजलेली आहे. बाहेर येत नाहीये. मग गेली कुठे?

पहिला संशय भूजलाचा, खालून पाणी वाहत असेल तर ते उष्णता पळवतं. संघमित्राने दोन दिवस उन्हात उभं राहून तपासलं. सलग काळा कातळ, पाण्याची ओलही नाही. रावसाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, 'तरी मॉडेलमध्ये थोडं पाणी वाहतं ठेवा की. रेघेवर रेघ बसली म्हणजे झालं.'

रेघेवर रेघ! हे काय रांगोळीचे ठिपके आहेत? नसलेलं पाणी मी जमिनीत वाहवायचं, कारण साहेबांना आलेख छान दिसायला हवा! घरी येऊन भांडी इतकी आदळली की जाई म्हणाली, 'आई, भांड्यांनी काय केलं?'

९ मार्च

मॉडेलला उलटं विचारलं. उष्णता कुठेतरी गडप होतेय हे धरून चाल, कुठे ते तूच शोध. उत्तर आलं. एकच जागा, सगळ्या पाईपांच्या खाली, आमच्या हॉलएवढी. तिथे उष्णता शिरते आणि संपते.

मग नवीन नोंदी घालून पुन्हा चालवलं. तीच जागा, तेवढीच मोठी, पण वर सरकलेली. आता ती पाईपांच्या टोकांमध्ये आहे.

भेग असती, पोकळी असती, तर जागची हलली नसती. मी माझी प्रत्येक ओळ तपासली, स्वतःलाच शिव्या घातल्या. चूक सापडली असती तर पेढे वाटले असते.

१९ मार्च

आज मीटिंगमध्ये हे सगळं मांडलं. रावसाहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, 'मॅडमचं डोकं इतकं तापतं, तेच सोडा खाली. बोअरची गरजच काय?' सगळे हसले. चहा देणारासुद्धा हसला. संघमित्रा उठून म्हणाली की कातळात पाणी नाही, हे मी स्वतः तपासलंय. तिला 'तुमी बसा' म्हणून बसवलं.

आणखी दोन सोसायट्यांत हेच करायचं ठरलंय, म्हणून रिपोर्ट घाईत हवा. त्यात भूजल लिहायचं आणि खाली माझी सही. मी कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि म्हटलं, करणार नाही. तर हसून म्हणाले, घरी जाऊन थंड पाणी प्या.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. हा माणूस माझ्या मुलीच्या पायाखाली काय आहे ते न बघता त्यावर रांगोळीची फुलं काढतोय!

७ एप्रिल

सोसायटीच्या बैठकीला गेले होते. सेक्रेटरींना वाटतं की बागेतली झाकणं झाडांच्या पाण्यासाठी आहेत. खाली काय चाललंय ते एकाही घराला कुणी सांगितलेलं नाही. फाटकावर बोर्ड तेवढा मोठा, 'फुकट गरम पाणी'. माझी आई मुंग्यांनासुद्धा सांगून पाणी ओतते, आणि इथे चारशे माणसांना विचारायची कुणाला गरज वाटली नाही!

घरी येऊन मेल लिहिली. डेटा सेंटरच्या मालकांना, सोसायटीला, आमच्या वरच्या साहेबांना, सगळ्यांना एकदम. खाली काय आहे ते कळेपर्यंत पंप बंद करा. आजच्या आज. 'आजच्या आज' ठळक अक्षरात.

रावसाहेबांचा लगेच फोन आला. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात गूळ नव्हता. बंद करायचंच तर एकदम करू नका, म्हणाले, दोन महिन्यांत हळूहळू उतरवा, इतके दिवस पाजलेलं एका दिवसात तोडू नये, कातळाला तडे जातील. मला कळतात या सबबी. दोन महिन्यांत यांचा त्या दोन सोसायट्यांशी करार उरकतो. मी म्हटलं, आजच्या आज, आणि फोन आपटला.

१० एप्रिल

बंद! आज सकाळी पंप बंद झाले, मी स्वतः उभी राहून बघितलं. डेटा सेंटरवाल्यांनी गच्चीवर स्वतःचे कूलिंग टॉवर बसवायला घेतलेत. संघमित्राने बागेतूनच अंगठा उंचावून मला 'झालं' अशी खूण केली. रावसाहेबांचं तोंड बघण्यासारखं होतं आणि मी ते मन भरून बघितलं.

संध्याकाळी शिरा केला, शिवरामलाही दिला. जिंकले मी.

२८ एप्रिल

बाहेर अंगाची आग होतेय, घामाने कपडे अंगाला चिकटतात, आणि आमच्या तळमजल्यावर मात्र मजा आहे. लादी छान गार पडलीय. कुणी एसी लावत नाही. शेजारपाजारचे दुपारी आमच्या हॉलमध्ये येऊन टेकतात आणि 'काय बांधकाम आहे हो' म्हणतात. जाईला शाळेला सुट्टी लागलीय. ती सगळा दिवस लादीवर पालथी पडून चित्रं काढते. चप्पल घाल म्हटलं की म्हणते, 'आई, पायांना गुदगुल्या होतात गार.' होऊ देत बिचारीला, या उकाड्यात तेवढंच सुख.

मांजरं दिसत नाहीत. शिवरामला विचारलं तर म्हणाला, 'ती कवाच गेली, म्याडम. पंप बंद झालं ना, त्याच्या दुसऱ्या दिशी. एक पन रायला नाय.'

७ मे

संघमित्रा येऊन गेली. पंप बंद असले तरी तिच्या तारा खाली आहेत. तिने नोंद माझ्यापुढे ठेवली.

पंप बंद केल्यावर कातळ हळूहळू त्याच्या मूळ अठ्ठाविसावर यायला हवा. तिथे थांबायला हवा. त्याच्या खाली जायला त्याला काही कारणच नाही. तो एकोणीसवर आहे. वरच्या भागात त्याहून कमी. गारवा खालून वर येतोय.

आम्ही उष्णता देत होतो तोवर ते खाली राहून घेत होतं. आता आम्ही देत नाही, तर ते शोधायला निघालंय. हे लिहिताना माझाच मला राग येतोय. मी इंजिनिअर आहे. 'ते' कोण?

पण मॉडेलमध्ये ती जागा आता बागेखाली नाही. आमच्या इमारतीखाली आहे.

९ मे

शिवराम गेला.

भर दुपारी, फाटकाजवळच्या खुर्चीत, उन्हात बसलेला. चपला काढून पाय जमिनीवर टेकलेले. मी हाक मारली, मग हात लावला. मे महिन्याच्या उन्हात तासभर बसलेल्या माणसाचा हात, आणि फ्रिजमधून काढलेल्या दुधाच्या पिशवीसारखा. मी ओरडले. डॉक्टर म्हणाले हार्ट. वय झालं होतं, म्हणाले.

माझ्या हाताचा गारठा अजून जात नाही. त्याची जमीन होती ती. त्याला तरी कुणी विचारलं होतं का?

११ मे

रावसाहेबांकडे गेले. पंप सुरू करा म्हटलं. हात जोडले. मी, या माणसापुढे, हात जोडले!

त्यांनी ड्रॉवरमधून माझीच मेल काढली. ठळक अक्षरांवर बोट ठेवलं. मॅडम, धोका आहे असं तुम्हीच लेखी दिलंत, आता वकील हातही लावू देत नाहीत. पाईप कापून तोंडं सील केलीत. वर म्हणाले, 'मी म्हणत होतो, हळूहळू उतरवा.'

खोटारडा, लोचट माणूस. आणि तेवढं एकच वाक्य त्याने खरं बोलावं! नेमकं तेच मी ऐकू नये!

शिवरामचं सांगितलं. म्हणाले, वाईट झालं, फूल ना फुलाची पाकळी पाठवू.

मी त्यांचा काचेचा पेला भिंतीवर फोडून आले. नोकरी गेली. जाऊ दे.

१३ मे

जाईचे ओठ निळसर. अंग गार. थर्मामीटरचा आकडा बघून डॉक्टरने मशीन बिघडलंय म्हणून दुसरं आणलं. तेही तेच. अशक्तपणा आहे म्हणे, खजूर द्या.

खजूर!

ती सोफ्यावर झोपली होती, मी लादीवरून हात फिरवला. सगळी लादी बाहेरच्यासारखी कोमट. फक्त सोफ्याखालची बर्फ. तिला उचलून पलंगावर नेलं. थोड्या वेळाने पलंगाखाली हात घातला —

तिच्या मागोमाग येतंय.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे नेली. तासाभरात गालांवर रंग आला. खायला मागितलं. म्हणजे जमिनीपासून लांब नेलं की सुटतं. एवढं पुरे.

१४ मे

आई गाडी करून आली आणि जाईला चिपळूणला घेऊन गेली. जाई रडली. 'तू पण चल' म्हणत होती. मी जाऊ शकत नाही. सोसायटीत आणखी पोरं आहेत, ती खालीच खेळतात. इथे काही ऊब मिळत राहिली तर ते इथेच थांबेल, भटकणार नाही.

हिशेब केलाय. मॉडेलमध्ये ते ज्या वेगाने वर सरकलं, त्या वेगाने चिपळूणला पोचायला त्याला जन्म लागतील. या एका गोष्टीवर माझा विश्वास आहे. माझं मॉडेल चुकत नाही, हे मी सगळ्यांशी भांडून सिद्ध केलंय.

आईला सगळं सांगितलं. हसली नाही. एवढंच म्हणाली, देतानाही सांगितलं नाहीत, काढून घेतानाही नाही.

१५ मे

गॅसवर दोन पातेली. गीझर चालू. सकाळपासून लादीवर कढत पाणी ओततेय. आधी गार पाणी शिंपडायचं नाही. बाजूला व्हा म्हणायचं नाही.

इकडे ये, म्हणतेय. इकडे ये, भडव्या, हे घे. माझ्याकडे बघ. माझ्या पोरीला हात लावतोस? हे घे. माझे पाय घे. बसलेय बघ अनवाणी. मी तापट आहे ना, सगळी दुनिया म्हणते — मग घे की —

संघमित्रा दार वाजवून गेली. उघडलं नाही. तिने खाली पाय ठेवू नये.

पाय भाजलेत. गारठा अजून नाही.

१६ मे

लादी कोमट आहे.

सगळी. सोफ्याखाली, पलंगाखाली, मोरीत. हातांनी, गालाने तपासली. अंगणातली मातीही ऊन. बोअरच्या झाकणावर एक मांजर येऊन बसलंय.

गेलं. सुटलो आम्ही. खूप रडले. मग जाईला सांगायला चिपळूणला फोन लावला. आई खुशीत होती. म्हणाली, जाई छान आहे, दोन घास जास्त जेवली, आणि काय सांगू तुला, एवढा उन्हाळा पण सकाळपासून आपलं अंगण कसं —

कसं छान गार लागतंय.

१६ मे, गाडीत

माणगावला अडकलोय. पुढे ट्रक आडवा पडलाय. ड्रायव्हर खाली उतरून लोकांशी गप्पा मारतोय. याला — या रस्त्याला — त्या रावसाहेबाला — मला —

जन्म लागतील, म्हटलं होतं मी. वेग काढला होता. वर यायचा वेग! उपाशी असताना वर चढायचा वेग. आडवं किती वेगाने जातं ते मोजलंच नव्हतं. इथून चिपळूणपर्यंत एकच काळा कातळ आहे, सलग — शाळेतल्या पोराला माहीत असतं —

माझ्याकडे आलंच नाही ते. एवढं दिलं तरी. त्याला तीच हवी.

आई फोन उचलत नाही.

उचलत नाही.

लागला. कानाला लावूनच लिहितेय, हात मोकळा राहिला तर काच फोडीन. ओरडतेय मी, तिला घरात ने, माळ्यावर ने, चप्पल घाल, तिला चप्पल घाल आधी —

आई म्हणतेय, अगं ओरडतेस काय, पोर दमून अंगणातच झोपलीय, अनवाणी, नुसत्या भुईवर, इतकी गाढ की मघापासून कूससुद्धा बदलली नाही, थांब, उठवते, जाई, ए जाई, अगं हिचा हात —